मुंबईचें वॉटसन हॉटेल : लोखंडी वास्तु, तिच्यांतील भोजनगृह आणि दोन अपमानांच्या कथा

१. प्रास्ताविक

सवाई माधवराव पेशव्यांच्या लग्नाची याद ज्यांनीं वाचली आहे त्यांस पंक्तीचा इतिहास म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. १७८३ सालच्या त्या समारंभांत पंगती कशा बसवाव्या, वाढणें कसें व्हावें, कोणाचा मान कसा राखावा ह्याचा बारकाईचा विचार त्या यादींत केलेला आहे. दरबाराचा दर्जा, जातीची मर्यादा व यजमानाचा लौकिक हीं तिन्ही अशा कागदावरून जितकीं स्पष्ट दिसतात तितकीं एखाद्या तहनाम्यावरूनही दिसत नाहींत. जुन्या घराण्यांच्या दप्तरांत मुदपाकखान्याचे हिशेब सांपडले कीं आपले संग्राहक ते जपून ठेवतात, तें ह्याच कारणानें. परंतु इंग्रजी अमलांत जेवणाची पंगत वाड्यांतून निघाली आणि पैसे मोजणाऱ्या पांथस्थासाठीं मांडलेल्या मेजावर येऊन बसली. त्या स्थित्यंतराचे कागद मात्र आपण बहुधा रद्दीच समजत आलों आहों.

ह्या स्थित्यंतराचें मुंबई शहरांतील सर्वांत ठळक स्मारक म्हणजे काळ्या घोड्याजवळील वॉटसनचें हॉटेल होय. त्या हॉटेलाचें नांव निघालें कीं बहुतेकांच्या तोंडीं एकच गोष्ट येते : जमशेटजी टाटांस तेथें प्रवेश नाकारला गेला व त्या रागानें त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधलें. ही गोष्ट कितपत टिकते, आणि तिच्या गलबल्यांत त्याच वास्तूंत घडलेली, प्रत्यक्ष पाहणारानें लिहून ठेवलेली दुसरी एक गोष्ट कशी झांकली गेली, हें प्रस्तुत लेखांत दाखविण्याचा आमचा विचार आहे. तत्पूर्वीं वास्तु, तिचा काल व तिच्यांतील भोजनव्यवस्था ह्यांचा थोडक्यांत परामर्श घेणें अवश्य आहे.

२. स्थल व काल

१८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें आणि तेथील कापूस इंग्लंडांत जाण्याचा बंद झाला. त्याचा लाभ मुंबईस कसा झाला व १८६५ सालीं तो फुगा कसा फुटला हें सर्वश्रुतच आहे. त्याच सुमारास, सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर असतांना, जुन्या कोटाच्या भिंती पाडण्यांत आल्या आणि कोटाबाहेरील एस्प्लनेडचें मैदान शहराच्या वाढीस मोकळें झालें. आज महात्मा गांधी मार्ग म्हणून ओळखला जाणारा एस्प्लनेड रस्ता, त्यावरील डेव्हिड ससून ग्रंथालय व त्यांच्या शेजारच्या भव्य इमारती ह्या सर्व ह्या एकाच घडामोडीचीं अपत्यें होत. ह्याच ओळींत जॉन वॉटसन नांवाच्या, कापडाच्या व्यापारांत नशीब काढलेल्या इंग्रजानें आपली इमारत उभारली.

ह्या इमारतीचा काल कित्येक लेखांतून १८६० ते १८६३ असा दिलेला आढळतो. तो ग्राह्य धरतां येत नाहीं. जागेचा भाडेपट्टा २६ ऑगस्ट १८६७ (शके १७८९) ह्या तारखेचा आहे. त्याची मुदत ९९९ वर्षांची असून भाडें सालीना ९२ रुपये १२ आणे ठरलें होतें. पट्टा होण्यापूर्वीं चार-सहा वर्षें इमारत उभी होती असें मानणें सयुक्तिक नव्हे. शिवाय १८६३ हें साल म्हणजे कोट पडावयास लागण्याचे दिवस. गोविंद नारायण माडगांवकरांचें ‘मुंबईचें वर्णन’ त्याच सालीं प्रसिद्ध झालें. माडगांवकरांनीं पाहिलेली मुंबई आणि वॉटसनची मुंबई ह्यांमध्यें कोटाची भिंत आहे, असें म्हटलें तरी चालेल. २००२ सालीं जोनाथन क्लार्क ह्या इंग्रज संशोधकानें ह्या वास्तूच्या बांधणीवर जो विस्तृत निबंध प्रसिद्ध केला त्यांतही १८६७ ते १८७१ हाच काल दिलेला आहे, व तोच आम्हांस मान्य आहे.

पट्ट्याची मुदत पाहतां एक विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं. ९९९ वर्षांचा हिशेब केला तर ती २८६६ सालीं पुरी व्हावयाची. एवढ्या दीर्घ मुदतीचा विश्वास ज्या वास्तूवर टाकला गेला तिला दीडशें वर्षें होतांच ती पाडावी किंवा कसें, हा प्रश्न न्यायालयापुढें आला. त्याचा उल्लेख पुढें येईलच.

३. लोखंडी सांगाडा

ही इमारत भारतांतील बांधकामाच्या इतिहासांत अपूर्व आहे. तिचे बिडाचे खांब, तुळया व इतर लोखंडी भाग इंग्लंडांत तयार झाले, जहाजानें मुंबईस आले आणि येथें जुळविले गेले. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश ह्या इंजिनियराचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या अवाढव्य छताच्या कामांत ह्याच गृहस्थाचा हात होता, व १८७३ सालीं लंडनांत टेम्स नदीवर खुला झालेला अल्बर्ट पूलही त्याचाच.

आपल्या वाड्यांची बांधणी ज्यांस ठाऊक आहे त्यांस ह्या इमारतीचें मर्म चटकन् कळेल. वाड्याचा भार लांकडी खांबांवर व तुळयांवर असतो; मधली वीट किंवा माती केवळ आडोशाकरितां. भिंत खचली तरी खण उभा राहतो. वॉटसनच्या इमारतींत लांकडाच्या जागीं लोखंड आलें, एवढाच काय तो तत्त्वाचा फरक. भार सांगाड्यानें वाहावा व भिंतीनें फक्त आडोसा करावा, ही जी कल्पना पुढें अमेरिकेंतील गगनचुंबी इमारतींच्या मुळाशीं दिसते, ती येथें इतक्या आधीं व इतक्या मोठ्या प्रमाणावर अमलांत आलेली होती. तळमजला धरून पांच मजले, समोर ओळीनें बाहेर निघालेले सज्जे व आंत चौक, असें तिचें एकंदर रूप होतें. आजूबाजूच्या दगडी, कमानदार इमारतींमध्यें हा उघडा लोखंडी सांगाडा पाहून त्या वेळच्या लोकांस तें एखादें प्रचंड पिंजऱ्यासारखें काम वाटलें, ह्यांत नवल नाहीं.

वॉटसनचा मूळ बेत येथें आपल्या कापडाचें दुकान व कचेरी थाटण्याचा होता. पुढें तो बदलून हॉटेलाचा झाला. हा बदल काळास अनुसरूनच होता. आगबोटींचें दळणवळण वाढलें, १८६९ च्या नोव्हेंबरांत सुएझचा कालवा खुला झाला, आणि विलायतेहून हिंदुस्थानांत येणाऱ्या प्रत्येक उतारूस मुंबई हा दरवाजा झाला. दरवाजाशीं धर्मशाळा हवी, हा न्याय आपल्याकडेही जुनाच आहे. फक्त ह्या धर्मशाळेंत धर्माचें कांहीं नव्हतें.

४. भोजनगृह व मद्यगृह

हॉटेलांत उतारूंसाठीं १३० खोल्या होत्या. तळमजल्यावर प्रवेशाचा दिवाणखाना, उपाहारगृह व मद्यगृह अशी मांडणी होती. ह्यांखेरीज इमारतीच्या पोटांत सुमारें ९८ फूट लांब व ३० फूट रुंद असा चौक होता व त्यावर कांचेचें छत होतें. हा चौक आरंभीं नृत्यशाळा म्हणून वापरला जात असे. वाड्याच्या चौकांतून ऊन, वारा व पाऊस घरांत येतो. ह्या चौकांत वरून उजेड तेवढा येई, पाऊस बाहेर राही. मुंबईच्या पावसाळ्यांत संध्याकाळच्या मेळाव्यासाठीं अशी कोरडी, उजेडाची, शंभर फुटी जागा मिळणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती.

त्यापूर्वीं मुंबईंत हॉटेलें नव्हतीं असें नाहीं. परंतु तीं बहुधा दुसऱ्या कामासाठीं बांधलेल्या घरांत निघालेलीं असत. अपोलो रस्त्यावरील ग्रेट वेस्टर्न ही इमारत त्याचें उत्तम उदाहरण होय. अठराव्या शतकांतील गव्हर्नर हॉर्नबी ह्यांच्या नांवानें ओळखलें जाणारें तें घर पुढें आरमाराच्या मुख्य अधिकाऱ्याचें निवासस्थान झालें; नंतर कित्येक वर्षें तेथें न्यायासन होतें, व १८७९ सालीं हायकोर्ट नव्या इमारतींत गेल्यावर तेथें हॉटेल निघालें. जेथें फांशीच्या शिक्षा सुनावल्या गेल्या तेथें पुढें सूप वाढलें गेलें! वॉटसनची गोष्ट ह्याहून निराळी. तेथें एवढी मोठी नवी वास्तु थेट हॉटेलाच्या कामीं आली, आणि खाणें, पिणें, नाचणें व झोंपणें हीं चारही एका छताखालीं पैशाच्या मोबदल्यांत मिळूं लागलीं.

ह्या भोजनगृहाचा थाट कसा होता ह्याची एक खूण तत्कालीन विनोदांत टिकून राहिली आहे. हॉटेलाच्या भरभराटीच्या दिवसांत येथील उपाहारगृहांत व नृत्यशाळेंत वाढण्याच्या कामावर खास विलायतेहून आणलेल्या इंग्रज स्त्रिया असत. तेव्हां मुंबईंतील गोरे लोक थट्टेनें म्हणत कीं, वॉटसननें वाढपिणींबरोबर विलायतेची हवाही आणली असती तर बरें झालें असतें. विनोद साधा आहे. परंतु त्यांत हॉटेलाचें सर्व धोरण आलें आहे. इमारत विलायतेची, वाढणारे हात विलायतेचे. उकाडा तेवढा येथला. पेशवाईंतील यजमान पाहुण्यास आपल्या घरीं बोलावी. ह्या हॉटेलांत पाहुण्यास आपण स्वतःच्याच घरीं आहों असा भास करून देण्याचा धंदा चाले, व त्या भासाची किंमत बिलांत लागे.

५. एका उतारूची साक्ष

ह्या हॉटेलाविषयीं प्रत्यक्षदर्शी माणसाची सर्वांत मोलाची साक्ष अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन ह्याची आहे. व्याख्यानांच्या निमित्तानें पृथ्वीप्रदक्षिणा करीत तो १८९६ च्या जानेवारींत मुंबईस आला व वॉटसनकडे उतरला. त्याचें प्रवासवर्णन ‘फॉलोइंग द इक्वेटर’ ह्या नांवानें १८९७ सालीं प्रसिद्ध झालें. सज्जाच्या कठड्यावर बसून आपल्याकडे टक लावून पाहणाऱ्या व आपल्याविषयीं चर्चा करणाऱ्या कावळ्यांवर त्यानें जी पानें लिहिलीं आहेत तीं पुष्कळांस ठाऊक असतील. आमचें प्रयोजन त्याच पुस्तकांतील दुसऱ्या दोन नोंदींशीं आहे.

पहिली नोंद भोजनगृहाची. ट्वेन सांगतो कीं, हॉटेलाचे सोपे व दालनें पागोटीं, फेज व भरजरी टोप्या घातलेल्या, अनवाणी, सुती वस्त्रांतील एतद्देशीयांनीं भरून गेलीं होतीं. कोणी धांवपळ करीत होते, कोणी जमिनीवर उकिडवे बसले होते. आणि भोजनगृहांत प्रत्येक साहेबाच्या खुर्चीमागें त्याचा स्वतःचा नोकर, अरबी भाषेंतील सुरस कथांतला शोभेल अशा पोषाखांत, उभा होता. वाचकांनीं ही मांडणी लक्षांत घ्यावी. हॉटेलांत हिंदी माणसास मज्जाव होता असें जें सरसकट म्हटलें जातें त्याचा ह्या नोंदीशीं मेळ बसत नाहीं. हॉटेल हिंदी माणसांनीं गजबजलेलें होतें. किंबहुना त्यांच्यावांचून त्याचें पान हलत नव्हतें. मेजाभोंवतीं जितकीं माणसें बसलेलीं, तितकींच उभीं. कोण बसला व कोण उभा राहिला, हाच काय तो भेद होता.

दुसरी नोंद वरच्या मजल्यावरील आहे. ट्वेनची खोली उंचावर, दर्शनी बाजूस होती. सामानाची व्यवस्था लावण्यासाठीं एक धिप्पाड जर्मन मनुष्य तीन एतद्देशीय नोकरांस घेऊन बरोबर आला. सज्जाकडे उघडणाऱ्या कांचेच्या दाराचें कांहीं काम निघालें. तें एक नोकर करूं लागला. त्याचें करणें त्या जर्मनास पसंत पडलें नाहीं. काय चुकलें हें एका शब्दानें न सांगतां त्यानें प्रथम त्याच्या तोंडांत भडकावली व मग चूक सांगितली. नोकरानें ती मुकाट्यानें सोसली; चेहऱ्यावर रागाची छटाही उमटूं दिली नाहीं. ट्वेनचें बालपण अमेरिकेंतील गुलामगिरी असलेल्या मुलखांत गेलेलें. ती चपराक पाहतांच पन्नास वर्षांचें अंतर क्षणांत नाहींसें झालें व आपण पुन्हां त्या मुलखांत आहों असें त्यास वाटलें. आपल्या घरीं गुलामास बसणारे तडाखे, क्षुल्लक कारणावरून जिवें मारला गेलेला एक गुलाम, हीं सर्व चित्रें त्यानें तेथेंच पुढें आठवून लिहिलीं आहेत.

साक्षीदार परका आहे, त्यास ह्या देशांत कोणाचा पक्ष घ्यावयाचा नव्हता, घटना त्याच्या डोळ्यांदेखत घडली आणि दुसऱ्याच वर्षीं ती छापली गेली. साधनांच्या कसोटीस ह्याहून अधिक काय पाहिजे? मार खाणाराचें नांव तेवढें त्यांत नाहीं. तो कोणत्या गांवचा, कोणत्या जातीचा, हें विचारण्याचें कारण त्या खोलींतील कोणासही पडलें नाहीं.

६. उंबरठ्याचे दोन पहारेकरी

येथवर एक बाजू झाली. परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरीही सांगितली पाहिजे. वॉटसनच्या मेजावर हिंदी गृहस्थ फारसे दिसत नसतील, तर त्याचें कारण केवळ साहेबाच्या मनांत शोधून भागावयाचें नाहीं. आपल्या घरांतील सोंवळ्यांतही तें शोधलें पाहिजे.

मुंबईंत १८४९ सालीं निघालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्याची खूण म्हणून ख्रिस्ती माणसानें भाजलेला पाव खात. परंतु तें सर्व गुप्तपणें चाले, आणि १८६० सालीं गुप्तता फुटतांच सभा मोडली. वॉटसनच्या जागेचा पट्टा झाला त्याच १८६७ सालीं प्रार्थना समाज स्थापन झाला. पण उघड सहभोजनाचें धैर्य तेव्हांही थोड्यांसच होतें. पुढें १८९० च्या ऑक्टोबरांत पुण्यास पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानानंतर चहा व बिस्किटें आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं शिवलीं. परंतु हजर असलेल्यांचीं नांवें ‘पुणें वैभव’ पत्रांत प्रसिद्ध झालीं व त्यावरून केवढें ग्रामण्य माजलें हें महाराष्ट्रास ठाऊक आहे. रानडे व टिळक ह्यांच्यासारख्यांसही त्या प्रकरणीं प्रायश्चित्ताच्या प्रश्नांतून जावें लागलें. एका पेल्याभर चहावरून ज्या समाजांत शंकराचार्यांपर्यंत वाद जातो, त्या समाजांतील किती लोक १८७१ सालीं वॉटसनच्या उपाहारगृहांत जाऊन बसण्यास उत्सुक असतील, ह्याचा विचार ज्याचा त्यानें करावा. पारशी गृहस्थांची गोष्ट अर्थात् निराळी. साहेबाबरोबर मेजावर बसण्यास त्यांच्या समाजाची आडकाठी नव्हती. म्हणूनच प्रवेश नाकारल्याची आख्यायिका एका पारशी गृहस्थासंबंधानें जन्मास आली, हेंही अर्थपूर्ण आहे.

तात्पर्य, ह्या भोजनगृहाच्या उंबरठ्यावर दोन पहारेकरी उभे होते : बाहेरच्यास आंत येऊं न देणारा साहेबाचा रंगाचा अभिमान, व आंतल्यास बाहेर जाऊं न देणारा आपला पंक्तिभेद. आणि खुर्चीमागें उभ्या असलेल्या नोकराचा विचार दोघांनींही केला नाहीं.

७. ७ जुलै १८९६

ट्वेन येऊन गेला त्याच वर्षीं ह्या वास्तूंत एक घटना घडली, जिच्यामुळें तिचें नांव चित्रपटाच्या इतिहासांत कायमचें नोंदलें गेलें. ल्युमिएर बंधूंनीं आपल्या हलत्या चित्रांचा पैसे घेऊन केलेला पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें ग्रँड काफे ह्या उपाहारगृहाच्या तळघरांत केला. त्यांचा माणूस मारिअस सेस्तिए ऑस्ट्रेलियाकडे जातांना मुंबईस थांबला आणि मंगळवार, ७ जुलै १८९६ (शके १८१८) रोजीं वॉटसन हॉटेलांत त्यानें सहा चित्रें दाखविलीं. खेळ सायंकाळीं सहा, सात, नऊ व दहा वाजतां असे चार झाले. तिकीट एक रुपया. स्टेशनांत येणारी आगगाडी, कारखान्यांतून बाहेर पडणारे कामकरी, भिंत पाडण्याचें काम, समुद्रस्नान हे त्या चित्रांचे विषय होते. पॅरिसप्रमाणें मुंबईंतही ही कला खाण्यापिण्याच्या जागेच्या आश्रयानेंच प्रथम प्रकट झाली, हा योग लक्षांत ठेवण्याजोगा आहे.

त्याहूनही महत्त्वाचें आहे तें पुढचें आठवडाभरांतील स्थलांतर. १४ जुलैपासून हे खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहांत होऊं लागले. तेथें दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत चढते ठेवण्यांत आले व पडदानशीन स्त्रियांसाठींही सोय झाली. हॉटेलांत एकच दर होता, तो ज्यास परवडेल तोच प्रेक्षक. नाटकगृहांत चार आणेवालाही आला. जें नवल हॉटेलाच्या चौकटींत थोड्यांचें होतें तें तिच्याबाहेर पडतांच सर्वांचें झालें. तीनच वर्षांनीं, १८९९ सालीं, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादा ह्यांनीं मुंबईच्या हँगिंग गार्डनमधील कुस्तीचें चित्रण केलें. हिंदी माणसानें हातीं घेतलेल्या ह्या कलेचा उगम शोधूं गेल्यास पहिली पायरी वॉटसनच्याच दारांत लागते.

८. टाटांची आख्यायिका

आतां जमशेटजी टाटांच्या गोष्टीकडे वळूं. ती साधारण अशी सांगतात : टाटा वॉटसनकडे गेले असतां ‘फक्त युरोपियनांसाठीं’ असें सांगून त्यांस परत पाठविण्यांत आलें, तेव्हां त्यांनीं ह्याहून श्रेष्ठ हॉटेल बांधण्याचा पण केला, व १६ डिसेंबर १९०३ (शके १८२५) रोजीं ताजमहाल हॉटेल उघडलें.

ह्या कथेंत तीन दोष आहेत. पहिला, अपमानाची जागा निश्चित नाहीं. कोणी वॉटसनचें नांव घेतो, तर कोणी पाइक ह्यांच्या अपोलो हॉटेलाचें. एकच घटना दोन ठिकाणीं घडलेली सांगितली जाऊं लागली कीं ती घटनेपेक्षां कथेच्या जातीची समजावी, हा आपल्या शास्त्रांतील नेहमींचा नियम आहे. दुसरा, टाटांचे स्नेही व ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक लोव्हट फ्रेझर ह्यांचें म्हणणें असें कीं, हॉटेलाची कल्पना टाटांच्या मनांत फार दिवसांपासून घोळत होती, हॉटेलाची मालकी करण्याची त्यांस हौस नव्हती, लोकांनीं हिंदुस्थानांत यावें व मुंबईची सुधारणा व्हावी एवढाच त्यांचा हेतु होता. निकटवर्ती माणसाच्या ह्या सांगण्यांत सूडाचा वास नाहीं. तिसरा, कार्याचें स्वरूप. गिरण्या, पोलाद, विजेचें उत्पादन व विज्ञानाची संस्था अशा योजना ज्यांच्या डोक्यांत एका वेळीं चालल्या होत्या, त्यांच्या एका मोठ्या कामाचें मूळ द्वारपालाच्या एका शब्दांत शोधणें हा त्यांच्या बुद्धीवर अन्याय आहे.

तथापि आख्यायिका खोटी ठरली म्हणून ती निरर्थक ठरत नाहीं. ती लोकांस खरी वाटली, कारण अशा अपमानाचा अनुभव त्या काळीं आगगाडीच्या डब्यांत, क्लबांत व कचेऱ्यांत अनेकांनीं घेतला होता. स्वतःचा राग बोलून दाखवितां येत नाहीं तेव्हां समाज तो एखाद्या थोर पुरुषाच्या नांवावर जमा करतो, आणि त्या पुरुषाकडून त्याचें उट्टें काढवितो. ताजमहाल हॉटेलाच्या आराखड्यांत सीताराम खंडेराव वैद्य ह्या महाराष्ट्रीय गृहस्थाचा प्रमुख भाग होता, हें सत्य त्या अभिमानास पुष्टि देण्यास पुरेसें आहे. त्यासाठीं कल्पित अपमानाची गरज नाहीं.

आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या अपमानास आधार नाहीं तो घरोघर ठाऊक आहे. ज्यास छापील, समकालीन व प्रत्यक्षदर्शी आधार आहे तो कोणास आठवत नाहीं. ह्याचें कारणही उघड आहे. पहिल्या कथेंतील अपमानित पुरुष मोठा होता, त्यानें महाल उठविला. दुसऱ्या कथेंतील मनुष्य हमाल किंवा नोकर होता. तो चपराक खाऊन पुन्हां त्याच दाराशीं कामास लागला. इतिहासानें पहिल्याच्या बाजूनें उभें राहणें सोपें आहे. परंतु साधनें दुसऱ्याच्या बाजूस आहेत.

९. वास्तूची उत्तरदशा

वॉटसनच्या पश्चात् व विशेषतः ताजमहाल हॉटेल निघाल्यावर ह्या हॉटेलाचा ओघ आटत गेला. विसाव्या शतकांत तें बंद पडलें. इमारत महेंद्र मॅन्शन व पुढें एस्प्लनेड मॅन्शन ह्या नांवांनीं ओळखली जाऊं लागली. खोल्यांच्या लहान लहान कोठड्या झाल्या, तेथें बिऱ्हाडें, दुकानें व कचेऱ्या आल्या. न्यायालय जवळ असल्यामुळें वकीलमंडळींचीही वस्ती झाली. जेथें कांचेच्या छताखालीं नृत्य चालत असे तो चौक अडगळीनें भरला. २००५ सालीं दर्शनी सज्जांचा कांहीं भाग कोसळून एका माणसाचा प्राण गेला. त्याच सालीं वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड ह्या संस्थेनें जगांतील धोक्यांत असलेल्या शंभर वास्तूंच्या यादींत हिची गणना केली. २०१९ सालीं मुंबई हायकोर्टाच्या आदेशानें इमारत रिकामी करण्यांत आली. त्या वेळीं एका तज्ज्ञ अहवालानें ती पाडण्याकडे कौल दिला, तर वास्तुरक्षणाच्या क्षेत्रांतील दुसऱ्या जाणत्यांनीं ती दुरुस्त होण्याजोगी असल्याचें मत दिलें.

१०. संग्राहकांस विनंती

वास्तु राखणें हें सरकारचें, न्यायालयाचें व इंजिनियरांचें काम आहे. कागद राखणें हें आपलें. वॉटसनसारख्या जागेचा इतिहास पुढें ज्यास लिहावयाचा असेल त्यास खांबांच्या मापांपेक्षां दुसऱ्याच वस्तु अधिक उपयोगीं पडतील : जेवणाची छापील पदार्थयादी, मद्याचें बिल, उतारूंची नोंदवही, वर्तमानपत्रांतील जाहिरात, बशीच्या तळाशीं उमटविलेलें हॉटेलाचें नांव, आणि सर्वांत मुख्य म्हणजे नोकरांच्या पगाराची पावती किंवा शिफारसपत्र. साहेबाच्या घरून सुटतांना बटलर, खानसामे व हमाल असलीं शिफारसपत्रें मागून घेत व जिवापाड जपत. मुंबईंतील व कोंकणपट्टींतील, तसेंच गोव्याहून आलेल्या कित्येक कुटुंबांच्या पेट्यांतून असे कागद अद्याप निघण्याचा संभव आहे. सनदा व फर्मानें शोधणाऱ्या दृष्टीस ते क्षुल्लक वाटतील. परंतु खुर्चीमागें उभ्या असलेल्या माणसाचें नांव जर कोठें लिहिलें गेलें असेल, तर तें ह्याच कागदांवर.

पेशव्यांच्या लग्नाची याद आपण जपली म्हणून त्या पंक्तींतील मानकरी आपणांस आज दिसतात. वॉटसनच्या पंक्तींतील मानकऱ्यांचीं नांवें त्यांच्या त्यांच्या देशीं जपलीं गेलीं आहेत. वाढणारांचीं व उभे राहणारांचीं नांवें जपणें हें काम आपल्यावांचून दुसरा कोणी करणार नाहीं. संग्राहकांनीं आपलीं दप्तरें ह्या दृष्टीनें एकदां पुन्हां चाळावीं, अशी आमची विनंती आहे.